रिकाम्या काचेतलं प्रोटीन

सयाजीराव निकम आमच्या कॉलेजात लागले ते एकाहत्तर साली. कॉलेज सांगलीजवळचं, एवढंच सांगतो. त्यातली बरीच मंडळी अजून पेन्शन खात आहेत आणि माझ्याशी बोलतात. मी तिथे ग्रंथालयात होतो. सयाजीरावांचा हुद्दा होता प्रयोगशाळा सेवक. फौजेच्या मेडिकल कोअरमध्ये पंधरा वर्षं काढून नाईक म्हणून बाहेर पडलेला माणूस, गाव लोणंदच्या अलीकडे, घरची जमीन थोरला भाऊ मानसिंग कसायचा. फौजेत ते मांसाचे काप काढायला शिकले होते. मांस म्हणजे माणसाच्या किंवा जनावराच्या शरीरातला हरभऱ्याएवढा तुकडा. तो औषधात मुरवायचा, मेणात बसवायचा आणि मग यंत्राच्या पात्यावर त्याचे काप काढायचे. केसाची जाडी धरा. तिचे उभे दहा-बारा भाग करा. त्यातल्या एका भागाएवढा पातळ काप सयाजीराव काढत, आणि असे शंभर काढले तर शंभर सारखे.

हे काम गावाकडे समजावून सांगणं अवघड होतं. मानसिंगनं पहिल्याच सुट्टीत विचारलं, की फौजेतून येऊन मटणाच्या दुकानात लागलास काय. सयाजीरावांनी खरं ते सांगितलं. ते ऐकून मानसिंग म्हणाला, की एवढं पातळ कापून खाणाऱ्याला पुरतं कसं. त्यानंतर सयाजीरावांनी गावात आपण 'दवाखान्यात' आहोत एवढंच सांगायचं ठरवलं, आणि त्याचा परिणाम असा झाला, की लोक त्यांच्याकडे खोकल्याचं औषध मागायला लागले.

त्यांचे साहेब डॉक्टर सुकुमार चौगुले. सांगलीच्या पुढच्या एका गावातल्या जैन शेतकरी घरातले. सूर्य मावळायच्या आत जेवणारा, कांदा-लसूण न खाणारा हा माणूस दिवसभर उंदरांच्या लिव्हरचा अभ्यास करायचा. त्यांची चेष्टा व्हायची. पण ते स्वतः उंदीर मारत नसत, आणि एका उंदरापासून जितकं शिकता येईल तितकं शिकलंच पाहिजे, नाहीतर ते पाप आहे, असं मनापासून मानत. म्हणूनच त्यांनी रंगाची पद्धत धरली होती. लिव्हरचा काप एका निळ्या रंगात बुडवला, की तो रंग मांसातल्या प्रोटीनला चिकटतो. प्रोटीन जास्त तर निळा गडद, कमी तर फिका. म्हणजे निळेपणा मोजला की प्रोटीन मोजलं. यासाठी काप सारख्या जाडीचे हवेत, नाहीतर जाड कापात फुकटचा गडदपणा येतो. म्हणून सयाजीराव.

सुरुवातीला निळेपणा मोजायचं साधन म्हणजे डोळे होते. काचेच्या पट्टीवर चिकटवलेला काप मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि अधिकची चिन्हं द्यायची. फिक्याला एक अधिक, मध्यमाला दोन, गडदला तीन. डॉक्टर बघत, व्याख्याते बाळासो बघत, आणि नुसती खात्री म्हणून सयाजीरावही बघत. काही महिन्यांत असं दिसून आलं, की डॉक्टरांचे अधिक सकाळी वेगळे आणि दुपारी वेगळे पडतात, बाळासोंचे अधिक डॉक्टरांच्या चेहऱ्यावर अवलंबून असतात, आणि सयाजीरावांचे तेवढे कधीच बदलत नाहीत. महिन्यानं तीच काच फिरवून दाखवली तरी उत्तर तेच. ते दोन आणि तीनच्या मधलाही फरक सांगत. "अडीच हाय ह्यो," म्हणत. डॉक्टरांनी अडीच अधिक लिहायला साफ नकार दिला होता. शास्त्रात तसं चिन्ह नाही म्हणाले.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. रस्त्याच्या आणि खडीच्या कामावर माणसं गेली, तिथं पोरांना पौष्टिक खाऊ द्यायच्या योजना निघाल्या, आणि प्रोटीन हा शब्द तालुक्याच्या सभांमध्ये ऐकू यायला लागला. इस्लामपूरच्या बाजूला एका संस्थेनं शेंगदाण्याची पेंड, ज्वारी आणि हरभरा मिळून एक पीठ काढलं. संस्थेचे अध्यक्ष हंबीरराव. उमदा माणूस, बोलणं मोकळं, हातावर घड्याळ सैल. त्यांना पिठाच्या पिशवीवर छापायला एक आकडा हवा होता. ते डॉक्टरांकडे आले. डॉक्टरांना दुष्काळी पोरांची खरोखर काळजी होती, त्यामुळे त्यांनी काम घेतलं. बारा उंदीर नुसत्या ज्वारीवर, बारा उंदीर पिठावर. दोन महिन्यांनी दोन्हींची लिव्हर निळी करून तुलना करायची.

ह्याच सुमारास, चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत, यंत्र आलं. जर्मनीहून, लाकडी खोक्यातून, आत भुसा. मायक्रोस्कोपच्या डोक्यावर बसवायचं प्रकाश मोजणारं यंत्र. खालून दिवा, मध्ये काच, वर सुई. कापातून प्रकाश कमी आला की सुई वर चढायची, म्हणजे निळा गडद, म्हणजे प्रोटीन जास्त. सोबत एक स्टॅबिलायझर मागवलेला होता, विजेचा दाब सारखा ठेवायला, पण कार्यालयानं तो यादीतून कापला, कारण त्याचा उच्चार कुणाला येईना आणि दिवा तर आपल्याकडेही लागतो असं त्यांचं मत पडलं. माहितीपुस्तक जर्मन भाषेत होतं. ते माझ्याकडे आलं. मी त्याच्यावर शिक्का मारला आणि 'इतर भाषा' या कप्प्यात, सगळ्यात वर, ठेवून दिलं. त्या कप्प्यात तोवर एक कानडी पंचांग होतं. माझ्या हातून झालेली ही कामगिरी मी मुद्दाम सांगतो आहे.

डॉक्टरांनी सयाजीरावांना प्रेमानं सांगितलं, की आता तुमच्या डोळ्यांना विश्रांती. यंत्र बाळासो चालवतील. सयाजीरावांनी काप काढावेत, रंगवावेत आणि यंत्र पुसावं. सयाजीरावांनी मान हलवली. पण हाताला सवय होती. काप रंगवून झाले की ते खिडकीजवळच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली बघत आणि एका वहीत आपले अधिक मांडत.

बाळासोंची पद्धत शिस्तीची होती. सकाळी दहाला यायचं, कोरी काच लावून सुई शून्यावर आणायची आणि कामाला लागायचं. काचांचा पहिला डबा ज्वारीच्या उंदरांचा, तो सकाळी. मग जेवण. दुसरा डबा पिठाच्या उंदरांचा, तो दुपारी. एकशे वीस काचा त्यांनी अशा मोजल्या. आकडे आले. ज्वारीचे उंदीर सरासरी शेहेचाळीस, पिठाचे छपन्न. म्हणजे बावीस टक्के जास्त. डॉक्टरांनी आकडेमोड तीनदा तपासली, तिन्ही वेळा बरोबर आली. जानेवारीत पुण्याच्या परिषदेत त्यांनी निबंध वाचला, टाळ्या पडल्या, आणि निबंध एका मासिकाकडे गेला. हंबीररावांनी बावीस हा आकडा पिशवीवर छापला, पिठाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात.

एकट्या सयाजीरावांचे अधिक जुळेनात. त्यांच्या वहीत दोन्ही डबे जवळजवळ सारखेच निळे होते. त्यांनी चार दिवस विचार केला आणि मग डॉक्टरांना भीतभीत सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. वय काय तुमचं, म्हणाले. शेहेचाळीस. मग होतं असं, म्हणाले, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. सयाजीरावांना चष्मा लागला. चष्म्यातून त्यांना वर्तमानपत्र छान दिसायला लागलं, लीलाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, डोक्यातले पांढरे केस दिसायला लागले. डबे मात्र सारखेच निळे राहिले.

लीलाबाईंनी मला नंतर त्या महिन्याचं सांगितलं. आपली नजर गेली, असं सयाजीराव धरून चालले होते. फौजेत त्यांच्या कापांवरून डॉक्टर लोक माणसाला कॅन्सर आहे की नाही ते सांगायचे. त्यात आपली कुठं चूक झाली असेल का, हा विचार डोक्यात बसला होता. यंत्र चुकेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते जर्मन होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी त्यांनी यंत्राची भिंगं पुसली, तपासायला म्हणून धुतलेली कोरी काच खाली लावली, सुई शून्यावर आणली आणि तेवढ्यात कुणी हाक मारली म्हणून उठून गेले. परत आले ते जेवण करून. दिवा तसाच चालू, काच तशीच. सुई दहावर.

सयाजीरावांनी काच काढून बघितली. काच कोरी होती. परत धुतली, परत लावली. दहा.

पुढे त्यांनी जे केलं ते कुणी सांगितलेलं नव्हतं. पंधरा-वीस दिवस, बाळासोंचं काम नसेल तेव्हा, ते सकाळी कोरी काच लावून सुई शून्यावर आणत आणि नंतर तिला हात न लावता तासातासानं आकडा लिहीत. दोनपर्यंत काही नाही. दोननंतर सात, नऊ, दहा, एखाद्या दिवशी बारा. पाचच्या पुढे परत खाली. दोन वाजता काय होतं हे आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला विचारावं लागत नाही. कृष्णेच्या दोन्ही काठांवरच्या मोटारी सुरू होत. त्या हंगामात ऊसवाल्यांना वीज दुपारची होती. मोटारी पाणी ओढू लागल्या, की आमच्या दिव्याचा जीव कमी व्हायचा. दिवा मंदावला, की सुईला वाटायचं, काचेत काहीतरी गडद आहे.

तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. धुळवडीपर्यंत थांबले. धुळवडीला कॉलेज बंद, पण नवीन उंदीर आणले होते आणि उंदरांना सुट्टी नसते, म्हणून सयाजीराव आले होते. त्यांनी यंत्र लावलं आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिले. मोटारी बंद होत्या. नदीकाठची झाडून सगळी गावं मटणाला बसलेली. आणि वर्षातलं सगळ्यात जास्त प्रोटीन ज्या दिवशी जिल्ह्याच्या पोटात गेलं, त्या दिवशी सयाजीरावांच्या काचेत ते शून्य निघालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता ते डॉक्टरांना यंत्राजवळ घेऊन गेले. मी तेव्हा एक मासिक द्यायला तिथं गेलो होतो, म्हणून हे कानानं ऐकलेलं आहे.

"सायेब, ही काच बगा."

डॉक्टरांनी डोळा लावला. "यात काही दिसत नाही."

"काय न्हाईच त्यात. धुतलेली काच हाय. सकाळी शून्य केलती." मग त्यांनी सुईकडे बोट केलं. "आता हिच्यात अकरा प्रोटीन हाय."

 डॉक्टरांनी सयाजीरावांची वही मागितली, तासातासाचे आकडे वाचले, धुळवडीच्या पानावर थांबले. छपन्नातून दहा वजा करायला माणसाला शाळेत जावं लागत नाही. शेवटी ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी तुम्हाला चष्मा लावला, सयाजीराव."

"लागला की उपेगाला," सयाजीराव म्हणाले. "पेपर वाचतो."

चूक कुणाची, हा प्रश्न नंतर निघाला. बाळासो म्हणाले, सुई दिवसातून एकदा शून्य करायची की दर वेळी, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा ते जर्मन पुस्तक आठवलं. मी शिडी लावून काढलं. जर्मन वाचणारं माणूस शोधायला आठ दिवस गेले. शेवटी सांगलीतल्या एका व्यापाऱ्याची मुलगी, गुणमाला नावाची, पुण्यात ती भाषा शिकत होती आणि सुट्टीला आली होती, ती येऊन वाचून गेली. तिसऱ्या पानावर, ठळक अक्षरांत, चौकटीत, लिहिलं होतं, की प्रत्येक नमुन्याआधी कोऱ्या काचेवर सुई शून्य करावी, आणि विजेचा दाब स्थिर नसेल तर यंत्र वापरू नये. त्या दिवशी मी घरी लवकर गेलो.

उपाय सयाजीरावांनीच काढला. यंत्राचा दिवा बारा व्होल्टचा होता. फौजेत त्यांनी तंबूत ट्रकच्या बॅटरीवर मायक्रोस्कोप चालवलेला होता. कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून त्यांनी ट्रकची जुनी बॅटरी आणली. ती दर तीन दिवसांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून चार्ज करायला न्यायची आणि आणायची. एकशे वीस काचा पुन्हा मोजल्या, प्रत्येकीआधी सुई शून्य करून, डबे मिसळून, कुठली काच कुणाची हे बाळासोंना न सांगता. ज्वारी शेहेचाळीस, पीठ सत्तेचाळीस.

आता खरी गोष्ट अशी, की पीठ वाईट नव्हतं. पिठाचे उंदीर ज्वारीच्या उंदरांपेक्षा चांगले जाडजूड झाले होते. साध्या तराजूवर ते पहिल्यापासून दिसत होतं, आणि सयाजीरावांनी तेही लिहून ठेवलं होतं. पण तराजू मिरजेच्या बाजारातला होता, त्यामुळे तो आकडा कुणी विचारला नव्हता.

डॉक्टरांनी मासिकाला पत्र लिहून निबंध मागे घेतला. विभागप्रमुखाची जागा त्या वर्षी भरायची होती आणि त्यासाठी तो निबंध धरलेला होता; ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.  मग डॉक्टर इस्लामपूरला हंबीररावांकडे गेले, सयाजीरावांना बरोबर घेऊन. तिथं घडलं ते मला सयाजीरावांनी सांगितलं. डॉक्टरांनी तासभर समजावलं, दिवा, सुई, मोटारी, सगळं. हंबीररावांनी नीट ऐकून घेतलं. ते स्वतः चार मोटारींचे धनी होते, त्यामुळे त्यांना सगळं कळलं.

"म्हंजी दुपारी बावीस टक्के येतंय, व्हय?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, येत नाही, तसा भास होतो.

"आवं डॉक्टर, पण आमची पोरं बी दुपारीच खात्यात की."

पिशव्या छापून झाल्या होत्या. सत्कारही ठरला होता, मांडवासकट. डॉक्टरांनी जायचं नाही म्हटलं, पण मग विचार केला, की गेलं तरच खरं सांगता येईल. ते गेले. बोलायला उभे राहून त्यांनी स्पष्ट सांगितलं, की आधीचा आकडा चुकला होता, मोजणी आम्ही पुन्हा केली, आणि प्रोटीनमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. दुर्दैवानं त्यांनी 'लक्षणीय' हा शब्द वापरला. समोरच्यांनी तेवढाच धरला आणि टाळ्या वाजवल्या. अध्यक्षीय भाषणात हंबीरराव म्हणाले, की एवढा मोठा माणूस स्वतःची चूक कबूल करतो, तेव्हा त्यानं मोजलेलं पीठ किती खरं असेल. सयाजीराव मांडवात मागे उभे होते. त्यांनाही एक नारळ मिळाला.

कोऱ्या काचेबद्दल डॉक्टरांनी दोन पानांचं एक टिपण लिहिलं, विजेचा दाब हलता असेल तर काय काळजी घ्यावी असं. ते इंग्लंडच्या मासिकात छापून आलं. डॉक्टरांनी आयुष्यभर प्रोटीनवर लिहिलं, पण पत्रं आली ती ह्या एका टिपणाला. इजिप्तहून आलं, घानाहून आलं, नागपूरहून तर तीन आली. वीज कमी पडणाऱ्या सगळ्या जगात कोऱ्या काचांना प्रोटीन चढत होतं, असं दिसतं. टिपणाच्या शेवटी डॉक्टरांनी सयाजीराव निकम यांचे आभार मानले होते. संपादकांनी जागेअभावी तिथं 'प्रयोगशाळेतील कर्मचारी' असं केलं. डॉक्टर फार चिडले. मी त्यांना चिडलेलं तेवढं एकदाच पाहिलं. त्यांनी माझ्याकडच्या प्रतीत शाईनं सयाजीरावांचं नाव घातलं. ग्रंथालयाच्या नियमाप्रमाणे छापील मजकुरावर लिहिणं गुन्हा आहे, पण मी तिकडे पाहिलं नाही.

अठ्ठ्याहत्तरला तपासणीची समिती आली. प्रयोगशाळेत ट्रकची बॅटरी का, असं समितीनं लेखी विचारलं, आणि त्या भीतीनं चार वर्षं अडलेला स्टॅबिलायझर दोन महिन्यांत आला. तो बसल्यावर यंत्र आता खरं दाखवतं का, याची परीक्षा घ्यायची ठरली. कशाशी ताडून बघायचं, हा प्रश्न होता. डॉक्टरांनी सयाजीरावांची वही पुढे केली. दोनशे काचा, एका बाजूला सुईचे आकडे, दुसऱ्या बाजूला सयाजीरावांचे अधिक, अडीचसकट. जवळजवळ सगळे जुळले. समितीला कळवण्यात आलं, की यंत्र पूर्णपणे विश्वासार्ह आहे. आणि यंत्र विश्वासार्ह ठरल्यामुळे पुढच्याच महिन्यात परिपत्रक निघालं, की मोजणीचं काम फक्त पदवीधरांनी करावं. सेवकांनी यंत्रास हात लावू नये, आणि समांतर वह्या ठेवू नयेत.

परिपत्रक मीच त्यांना वाचून दाखवलं. ते चष्मा लावून स्वतः वाचू शकले असते, पण इंग्रजीत होतं. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील. ते म्हणाले, की हात न लावता पुसायचं कसं, तेवढं विचारून घ्या. मी विचारलं. पुसायला परवानगी मिळाली.

घरी मात्र त्यांना लागलं होतं. लीलाबाई सांगत होत्या, की त्या दिवशी त्यांनी वही पेटीत, फौजेच्या कागदांखाली ठेवली आणि जेवताना म्हणाले, की उद्यापासून नुसतं कापायचं, बघायचं नाही. लीलाबाई म्हणाल्या, बघायला कुणाचं काय जातंय. 

तरी सयाजीरावांनी महिनाभर ते पाळलं. काप काढत, रंगवत, काचा डब्यात लावून बाळासोंच्या टेबलावर ठेवत आणि खिडकीजवळच्या मायक्रोस्कोपकडे पाठ करून बसत. बाळासो आता यंत्राचे प्रमुख होते आणि काम मनापासून करत. पण एकदा पोळलेला माणूस होता तो. सुई स्थिर राहिली तरी त्यांना झोप येईना. एका शनिवारी, डॉक्टर घरी गेल्यावर, ते एक काच रुमालात धरून सयाजीरावांकडे आले.

"मामा, ही जरा बघता काय? यंत्र म्हणतंय—"

सयाजीरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "आकडा सांगू नगासा," ते म्हणाले. "आदी सांगितलासा तर माझी नजर बी मशीनीचंच आयकती."

मग त्यांनी काच घेतली, पुसली, आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.